पुसण्याचा पंचनामा

फोन हातात घेण्याआधी सर रुमालानं हात कोरडे करत, हातमोजे चढवत आणि मग फोन घेऊन आलेल्या शिपायाला एकच प्रश्न विचारत.

"चालू करून बघितलास का?"

शिपाई बहुधा खरं सांगत. "हाव सर. चालतो का न्हाई, तेवढंच बघितलं. पंचनाम्यात लिवावं लागतंय ना, चालू स्थितीत म्हणून."

"मढ्याला उठवून बसवतो का रे आपण, नाव विचारायला?"

शिपाई हसे. सर हसत नसत. जप्त केलेला फोन कुठल्या बक्कल नंबरच्या अंमलदारानं किती वाजून किती मिनिटांनी चालू केला, ते वहीत लिहीत आणि खाली त्याची सही घेत. बंद फोन नुसता चालू केला तरी त्याच्या पोटातल्या शेकडो नोंदी आपोआप बदलतात, हे त्यांनी दोन जिल्ह्यांतल्या पोलिसांना कित्येक शिबिरांत शिकवलं होतं. तरी फोन चालू होऊनच येत. मग ती सही कोर्टात आरोपीच्या वकिलाच्या हाती लागे. एका निरीक्षकानं वैतागून मला विचारलं होतं, "तुमचे सर नेमके कुणाच्या बाजूनं हायत?" मी ते सरांच्या कानावर घातलं.

"फोनच्या," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

मी तेव्हा नांदेडच्या एका दैनिकात गुन्हेवार्ता लिहीत होते. सर सायबर शाखेत कंत्राटी तज्ज्ञ होते. त्याआधी लातूरच्या एका तंत्रनिकेतनात त्यांनी इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं होतं. मूळचे उदगीरचे, वडलांचं कापडाचं दुकान. कापड मोजताना गजाच्या टोकाशी अंगठा सरकू द्यायचा नाही, एवढं एकच वडलांनी आपल्याला शिकवलं, असं ते सांगत. मोजायची वेळ आली की दुकानातली कानडी त्यांच्या तोंडी येई.

सर गेले त्याला दीड वर्ष झालं. आमच्या पेपरात चार ओळी आल्या. त्या मीच लिहिल्या होत्या.

त्यांचं सगळं काम एका वाक्यावर चाले : मूळ हलवायचं नाही. जप्त झालेल्या फोनची ते तंतोतंत प्रत काढत. प्रत निघाली की संगणक तिचा एक लांबलचक आकडा देतो. आत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी तो आकडा बदलतो. सर तो आकडा एकेक अक्षर करून मोठ्यानं वाचत आणि समोर बसवलेला शिपाई कागदावर बोट सरकवत ताडून बघे. मग मूळ फोन पाकिटात, पाकिटावर लाख, लाखेवर मोहोर. तो मुद्देमाल खोलीत जाई. पुढचं सगळं काम प्रतीवर. "प्रतीचं काहीही होऊ दे," ते म्हणत. "पुन्हा काढता येते. मूळ एकच असतं."

मेलेल्या माणसाचा फोन तपासला की ते ऑफिसमागच्या नळावर जाऊन पायांवर तांब्याभर पाणी ओतून घेत. थंडीतही. मयतीहून आल्यावर करतात तसं. एका हवालदारानं थट्टा केली, "सर, फोनला बी सुतक आसतंय का?" सरांनी त्याच्याकडं तांब्या दिला. "तूच आणलास ना फोन? तूही घे."

त्यांना मत विचारून उपयोग नसे. लातूरच्या कोर्टात एकदा सरकारी वकिलांनीच त्यांना विचारलं, "म्हणजे हा मेसेज आरोपीनं पाठवला, बरोबर?"

"या फोनवरून गेला."

"फोन आरोपीचा आहे."

"होय. बोट कुणाचं होतं ते फोनला दिसत नाही."

वकिलांनी कपाळाला हात लावला. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. ती केस सरांच्या साक्षीमुळं पडली नाही, पण वकिलांनी त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

घरीही तेच. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे अक्का म्हणत असू. अक्का सांगत, "ह्यांना एकदा विचारलं, लग्नात मी कशी दिसत होते हो? तर म्हणे, फोटो बघून सांगतो." सर शेजारीच बसलेले असत. "आठवणीवर कसं सांगणार?" एवढंच म्हणत.

मला ते बातमीदार म्हणत. त्यांच्याकडून बातमी कधी मिळाली नाही. फोनमध्ये काय सापडलं, हे अहवाल कोर्टात जाईपर्यंत त्यांनी मला काय, अक्कांनाही सांगितलं नसेल. मी जात असे ती त्यांच्या त्या कोरड्या खोलीत बसायला. बाहेर दिवसभर सगळेजण एकमेकांना सांगत असत, की असं झालं असणार, तसं झालं असणार. इथं एक माणूस झालं तेवढंच लिहीत असे.

मुळाची एवढी काळजी घेणाऱ्या या माणसाला प्रतीचं मात्र भय होतं. निकाल लागला आणि अपिलाची मुदत संपली, की ते प्रत पुसून टाकत. असा लेखी नियम होता की नाही, मला माहीत नाही. इतर ठिकाणी प्रती वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या मी पाहिल्या आहेत. सरांनी कारण एकदाच सांगितलं होतं. कुठल्याशा कार्यालयातून अशाच एका प्रतीतले एका मुलीचे फोटो बाहेर गेले. गुन्हेगाराला शिक्षा झाली होती, पण फोटो गावभर पोचले ते तपासणाऱ्यांच्या कपाटातून. मुलीच्या घरच्यांनी गाव सोडलं. "गुन्हा दुसऱ्यांदा झाला," सर म्हणाले, "आणि दुसऱ्यांदा आपण केला."

म्हणून ते नुसतं पुसत नसत, पुसण्याचा पंचनामा करत. पंच म्हणून समोरचा चहावाला आणि झेरॉक्सवाला. दोघं हात पुसत येऊन बसत. डिस्कवर शून्यं भरत जात, एकदा, दोनदा, तीनदा. सर प्रत्येक फेरीला म्हणत, "वंदू." मग "एरडू." मग "मूरू." एका फेरीला दोन-दोन तास लागत. पंच कंटाळत.

"सर, आता तर काय बी दिसंना की."

"तेच लिहायचंय. काही दिसत नाही. करा सही."

मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी नांदेडला नर्सिंग शिकत होती. ओळखीच्याच एका माणसानं तिचे फोटो वापरून तिच्या नावानं खोटं खातं उघडलं आणि तिला महिनोन्महिने धमकावलं. तिनं घरी सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी वसतिगृहात तिनं स्वतःला संपवलं. बातमी मी लिहिली. फोन सरांकडं आला.

त्या फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होत होता. तिनं तसं मुद्दाम ठेवलं होतं की फोन तसाच आला होता, ते कळलं नाही. आरोपीचे धमक्यांचे कॉल त्यातच सापडले आणि केस त्यावरच उभी राहिली. पण ते अकरा होते. बाकीचे दीडशेहून जास्त कॉल आईचे. आईकडं बटणांचा साधा फोन होता. रोज संध्याकाळी एक कॉल. सरांनी सगळे ऐकले, कारण कुठला कॉल कामाचा आहे ते ऐकल्याशिवाय ठरत नाही. तीन आठवडे ते कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून बसलेले मी पाहिले. रोज निघताना नळावर जात.

अहवालाच्या परिशिष्टात त्यांनी तक्ता जोडला. तारीख, वेळ, किती सेकंद, कुणाशी, स्वरूप. आरोपीच्या कॉलपुढं "शब्दांकन जोडले आहे". आईच्या प्रत्येक कॉलपुढं एकच शब्द : घरगुती.

खटला चालू असताना आई एकदा सायबर शाखेत आली. चाळिशीची बाई, पायात झिजलेली स्लीपर. तिला कुणीतरी सांगितलं होतं, की पोरीचा आवाज त्यात आहे.

"साहेब, एक डाव ऐकवा. मी काय बी म्हननार न्हाई. निस्ता ऐकवा."

सर उभे राहिले. बाईंसमोर ते बसून बोलत नसत. "आता नाही ऐकवता येत, माय. तपासाचं आहे ते. निकाल लागू द्या. फोन तुमचाच आहे, कोर्ट तुम्हालाच देईल. मूळ आहे तसं मिळेल. मी कुणाला हात लावू दिला नाही."

ती मान हलवून गेली. सरांनी कुणाला शब्द दिलेला मी तेवढाच ऐकला.

आरोपीला शिक्षा झाली. त्यानं अपील केलं नाही. मुदत संपल्यावर सरांनी चहावाल्याला आणि झेरॉक्सवाल्याला बोलावलं आणि प्रत पुसली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचं कंत्राट संपलं, वाढवलं गेलं नाही. ते आणि अक्का उदगीरला गेले.

फोन परत मिळायला आईला पुढं दोन वर्षं लागली. अर्ज, तारीख, आदेश, मग पोलीस ठाण्यात हेलपाटे. जप्तीपासून धरले तर फोननं मुद्देमालाच्या पत्र्याच्या खोलीत पाच उन्हाळे काढले होते. एका दुपारी आई तो घेऊन माझ्याकडं ऑफिसात आली. पाकिटावरची लाख शाबूत होती, मोहोर स्पष्ट होती. ठाणे अंमलदारानं पंचांसमोर पाकीट फोडून फोन तिच्या हातात ठेवला होता. आत बॅटरी फुगली होती. फोनची पाठ भाकरीसारखी टम्म वर आलेली, काच चौकटीतून सुटलेली.

"चार दुकानं हिंडले, ताई. समदे म्हनतेत, मेला. कुनी हात बी लावंना, फुटंल म्हनतेत. त्या सरांकडं न्या मला. त्यांनी शबुद दिल्ता."

मुखेडहून आम्ही एसटीनं उदगीरला गेलो. सर बरेच वाळले होते. फोन बघून त्यांनी हातमोजे शोधले, सापडले नाहीत, मग तसाच हातात घेतला. खिडकीपाशी नेऊन पाठ उघडली. बराच वेळ बघत राहिले. बॅटरीतून काहीतरी पाझरून आतली सर्किटची पाटी हिरवी पडली होती. ते म्हणाले, एक माणूस आहे हैदराबादला, त्याच्याकडं पाठवून बघतो. फोन चालू झाल्याशिवाय आतलं कुलूप उघडत नाही, आणि पाटी गेली तर फोन चालू होत नाही, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. आईनं "बरं" म्हटलं.

महिन्यानं त्यांचा निरोप आला. आम्ही पुन्हा गेलो. फोन टेबलावर ठेवलेला होता, नव्या पाकिटात.

"होत नाही," सर म्हणाले. "त्यानंही बघितलं, मीही बघितलं. आता कुणाच्यानं होणार नाही."

आईनं पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. मग म्हणाली, "पन तुमी त्यातलं समदं काढून घेतल्तं म्हनं. वकीलसाहेब म्हनले कोर्टात. एक परत हाय म्हनून."

"होती."

"मंग ती द्या की."

"पुसली."

"कुनी?"

"मी."

अक्का चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. सर उठले, कपाटातून एक फाइल काढली आणि पुसण्याचा पंचनामा तिच्यासमोर ठेवला. दोन पंचांच्या सह्या, तीन फेऱ्यांच्या वेळा. तिला वाचता येत नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. कागद तसाच राहिला.

"मूळ सुरक्षित आहे असं मी धरून चाललो," ते म्हणाले. "लाख लावली होती. मी स्वतः लावली होती. आत बॅटरी आहे, ती फुगते, हे मी पोरांना शिकवलेलं आहे. अर्ज करून वर्षातून एकदा बघायला पाहिजे होतं. मी बघितलं नाही. चूक माझी आहे."

एवढं सलग बोलताना मी त्यांना पूर्वी ऐकलं नव्हतं.

आई रडली नाही. तिनं पदराला हात पुसले. "तुमी ऐकल्तं का पर?"

"होय."

"समदं?"

"समदं."

"मंग सांगा की."

सर माझ्याकडं बघू लागले. मग अक्कांकडं. ज्या माणसाला बायको लग्नात कशी दिसत होती तेही आठवणीवर सांगायचं नव्हतं, त्याच्यापुढं ती बाई मांडी घालून बसली होती. तिनं पिशवीतून अहवालाची प्रत काढली, वकिलानं दिलेली, आणि माझ्या हातात दिली. "ताई, तुमी वाचा. सर सांगतेल."

मी तक्ता वाचायला लागले. तारीख, वेळ, सेकंद. सर डोळे मिटून ऐकत होते. पहिल्या सात-आठ ओळींना ते "आठवत नाही" म्हणाले. नवव्या ओळीला म्हणाले, "तिनं हाडांची नावं म्हणून दाखवली. इंग्रजीत. परीक्षा होती. तुम्ही मधून मधून 'हं, फुडं' म्हणत होतात."

आईच्या चेहऱ्यावर हसू आलं. "मला काय कळतंय त्यातलं? पन हं म्हनायचे. ती म्हनायची, माय, तू हं म्हनली की मला ध्यानात राहतंय."

"होय. असं म्हणाली होती ती."

मग ते चालू झालं. मेसच्या डाळीत खडा निघाला. मैत्रिणीनं केस कापले. वसतिगृहाच्या गच्चीवर माकडं आली. तुमची चप्पल तुटली होती, ती म्हणाली नवी घे, तुम्ही म्हणालात, शिवून घेते. जिथं सरांना आठवलं नाही तिथं ते तसं म्हणाले, आणि कधी कधी आईच सांगे, "त्या दिशी म्हैस व्याली व्हती. तेच सांगितलं आसंल मी." सर म्हणत, "असेल. मला नक्की नाही." कुठलीही गोष्ट त्यांनी जास्तीची जोडली नाही. अक्कांनी चहा दोनदा गरम केला.

शेवटची ओळ राहिली. तिच्या मृत्यूच्या दिवसाची, दुपारची. मी तारीख वाचली आणि थांबले.

"वाचा की, ताई," आई म्हणाली. "मी त्याच्याचसाठी आलेय. त्या दिशी मुखेडचा बाजार व्हता. फोन आला, लई गर्दी, काय ऐकू येईना. मी कापला. ती काय तरी सांगू लागली व्हती आन मी कापला. पाच वर्सं झाली सर, मला निस्तं तेवढंच ऐकू येतंय, बटन दाबल्याचं. तुमी ऐकलंय. मी कापला का न्हाई, तेवढं सांगा."

सरांनी चष्मा काढला. ते म्हणतील "आठवत नाही", असं मला वाटलं, आणि म्हणावं, असंही वाटलं.

"तुम्ही नाही कापला," ते म्हणाले. "मागं बाजाराचा आवाज होता. वांगी विकणारा ओरडत होता. तिनं विचारलं, माय, कुठं हायस? तुम्ही म्हणालात, बाजारात. ती म्हणाली, लई गोंधळ हाय गं तिथं. तुम्ही विचारलं, जेवलीस का? ती हो म्हणाली. तुम्ही विचारलं, तुला काय घेऊ? ती म्हणाली, मला काय नको, तू चप्पल घे. तुम्ही हसलात. म्हणालात, घेते. मग ती म्हणाली, बरं माय, ठेवते, तू कर तुझा बाजार. फोन तिनं ठेवला."

"तिनं ठिवला?"

"होय. तिनं."

"मी न्हाई."

"नाही."

आईनं अक्कांकडं पाणी मागितलं, तांब्याभर पाणी एका दमात प्यायली, फोनचं पाकीट पदरात बांधलं आणि उठली. निघताना तिनं सरांच्या पायांना हात लावला. सर मागं सरले. "नका, माय," म्हणाले. "नका."

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. अहवाल माझ्याच हातात राहिला होता. मी शेवटचं पान काढलं. शेवटच्या ओळीत वेळ होती, क्रमांक होता, "घरगुती" होतं आणि सेकंदांच्या रकान्यात सहा होतं. सर जे म्हणाले ते मी मनात म्हणून बघितलं, आधी सावकाश, मग भराभर. सहा सेकंदांत ते बसत नव्हतं. अर्ध्यापर्यंतही येत नव्हतं. चप्पल तर आधीच्याच कुठल्याशा कॉलमधली होती. दोन फोनांची माहिती एका टेबलावर मिसळू नये म्हणून जो माणूस मध्ये पट्टी ठेवून काम करी, त्यानं दोन कॉल एकत्र केले होते आणि उरलेलं स्वतःचं घातलं होतं. खरं काय होतं ते आता तपासता येणार नव्हतं. सरांनीही पुढं कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मुखेड जवळ आलं तशी ती जागी झाली. पिशवी सावरली, माझ्या मांडीवरच्या कागदाकडं बघितलं.

"ताई, सर म्हनले ते ह्यात लिवलंय का?"

वीस वर्षं मी बातमीत न तपासलेलं वाक्य जाऊ दिलेलं नाही.

"हो," मी म्हणाले. "लिहिलंय."

"कुठं?"

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. माझं बोट काढून तिनं तिथं स्वतःचं ठेवलं आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू नेलं. मग तिनं कागदाची अशी घडी घातली, की ती ओळ वरच्या बाजूला राहील. गाडी थांबली. कागद चोळीत ठेवून ती उतरली.